जुन्या डिझेल मोटारीतील ‘ब्लॉक हीटर’ : गरज, चाचणी आणि बदल

कॅनडातील एडमंटन, विनिपेग किंवा अमेरिकेतील अलास्का राज्याचे फेअरबँक्स या शहरांत हिवाळ्यात उभ्या असलेल्या मोटारींच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर आणि तीन पिनांचा प्लग लोंबताना दिसतो. भारतातून तेथे नव्याने गेलेल्या माणसाला त्या विजेवर चालणाऱ्या गाड्या वाटण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात त्यांपैकी बहुसंख्य गाड्या पेट्रोल अथवा डिझेलच्याच असतात आणि ती वायर इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यात बसवलेल्या एका लहानशा तापकाला वीज पुरवते. या तापकाला ‘ब्लॉक हीटर’ असे म्हणतात. रात्री पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणाऱ्या प्रदेशात सकाळी गाडी सुरू होणे किंवा न होणे याच्यावर अवलंबून असते.

हा भाग स्वस्त आहे, त्याची रचना सोपी आहे आणि तो बदलणे हे एका दुपारचे काम आहे. तरीही त्याकडे गांभीर्याने पाहावे लागते. कारण येथे वीज, पाणी, विषारी द्रव आणि इंधन या चार गोष्टी हातभर अंतरावर एकत्र येतात. हीटर बंद पडला तर वस्तीपासून दूर राहणारे कुटुंब अडकून पडू शकते आणि तो चुकीच्या पद्धतीने बसवला तर गाडीला आग लागू शकते. जुन्या डिझेल मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण थंडीचा फटका डिझेल इंजिनाला सर्वांत जास्त बसतो.

थंडीत डिझेल इंजिन का रुसते?

पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवेचे मिश्रण पेटवण्यासाठी विजेची ठिणगी असते. डिझेल इंजिनात ती नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९०च्या दशकात जर्मनीत विकसित केलेल्या या इंजिनाचे मूळ तत्त्वच असे, की सिलिंडरमधील हवा पिस्टनने इतकी दाबायची की दाबामुळेच ती तापावी आणि त्या तप्त हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घ्यावे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, त्याचेच हे मोठे रूप होय. जुन्या डिझेल मोटारींत हवा साधारण २१ ते २३ पट दाबली जाते आणि गरम इंजिनात तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

कडाक्याच्या थंडीत या साखळीतील प्रत्येक दुवा कमकुवत होतो. आत येणारी हवाच मुळात गोठणबिंदूच्या खाली असते. ती दाबल्यावर निर्माण होणारी उष्णता सिलिंडरच्या थंडगार बीडाच्या भिंती शोषून घेतात. इंजिन ऑइल काकवीसारखे दाट झाल्याने स्टार्टर मोटरला इंजिन फिरवणे जड जाते. नेमक्या त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावलेली असते, त्यामुळे तिची ताकद घटलेली असते. इंजिन संथ फिरले, की दाबलेल्या हवेला पिस्टन रिंगांच्या फटींतून निसटायला आणि थंड व्हायला अधिक वेळ मिळतो. परिणामी हवा इंधन पेटण्याइतकी तापत नाही. पांढरा धूर येतो, स्टार्टर घरघरतो आणि अखेरीस बॅटरी मान टाकते.

जुन्या गाड्यांत याला झिजेची जोड मिळते. लाखो किलोमीटर धावलेल्या इंजिनात सिलिंडर आणि रिंगा झिजल्यामुळे मुळातच दाब कमी भरतो. उन्हाळ्यात ही उणीव जाणवत नाही, मात्र पहिल्या कडक थंडीत ती उघडी पडते. मर्सिडीज-बेंझची १९७६ ते १९८५ या काळातील ‘डब्ल्यू १२३’ मालिका आणि फोक्सवॅगनची पहिल्या पिढीतील डिझेल गोल्फ या गाड्या उत्तर अमेरिकेत ‘रॅबिट’, ‘२४० डी’, ‘३०० डी’ अशा नावांनी विकल्या गेल्या. १९७३ आणि १९७९च्या तेलसंकटांनंतर कमी इंधनात जास्त अंतर कापणाऱ्या या गाड्यांना मोठी मागणी आली. त्यांपैकी बऱ्याच गाड्या हौशी मालकांनी आजही जपल्या आहेत आणि त्यांतील मूळ ब्लॉक हीटर आता चार दशकांचे जुने झाले आहेत.

‘हीटर प्लग’ वेगळा, ब्लॉक हीटर वेगळा

आपल्याकडे डिझेल जीप, अँबेसेडर किंवा जुनी इंडिका चालवलेल्यांना ‘हीटर मारणे’ हा शब्दप्रयोग परिचित असतो. किल्ली अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या चित्राचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि मग स्टार्टर मारायचा. हा हीटर म्हणजे ‘ग्लो प्लग’ होय. तो प्रत्येक सिलिंडरच्या ज्वलनकक्षात असतो, गाडीच्याच १२ व्होल्ट बॅटरीवर चालतो आणि काही सेकंदांत लालबुंद होऊन इंधन पेटायला मदत करतो. महाराष्ट्राच्या हवामानात तेवढी मदत पुरते.

ब्लॉक हीटरचे काम निराळे आहे. तो घरगुती विजेवर चालतो आणि इंजिनाभोवती खेळणारे कूलंट, म्हणजे रेडिएटरचे शीतक द्रव, काही तास मंदपणे तापवत राहतो. कोमट कूलंट वर जाते आणि थंड कूलंट खाली येते. या नैसर्गिक अभिसरणातून सबंध ठोकळ्याला ऊब मिळते. ग्लो प्लग ठिणगीची उणीव भरून काढतो, तर ब्लॉक हीटर हिवाळाच काही अंशी पुसून टाकतो. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. म्हणून थंडीत गाडी सुरू होत नसेल, तर केवळ ब्लॉक हीटरला दोष न देता ग्लो प्लग, त्यांचा रिले आणि बॅटरी यांची तपासणी आधी करावी, असा अनुभवी मेकॅनिकांचा सल्ला असतो.

एका गरजेचा इतिहास

विजेचे तापक येण्यापूर्वी थंड प्रदेशांतील वाहनमालक रात्री इंजिनातील ऑइल आणि पाणी काढून घरात नेत आणि सकाळी ते तापवून पुन्हा भरत. इंजिनाखाली निखारे ठेवण्याचा धोकादायक उपायही केला जाई. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडच्या बोल्टमध्येच तापक बसवण्याची युक्ती काढली आणि १९४९ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. पुढे ब्लॉकमध्ये, थेट कूलंटमध्ये बुडणारे तापक अधिक प्रचलित झाले.

कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत आज घरे, कार्यालये आणि निवासी संकुले यांच्या वाहनतळांवर विजेच्या खोक्यांच्या रांगा दिसतात. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड या देशांत टायमर असलेले खांब वाहनतळांवर उभे असतात. स्वीडनची ‘कॅलिक्स’ आणि नॉर्वेची ‘डेफा’ या कंपन्यांची अशी साधने तेथे प्रसिद्ध आहेत. नोकरीनिमित्त एडमंटन, कॅल्गरी किंवा विनिपेगला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही पहिल्या हिवाळ्यात गाडी ‘प्लग इन’ करण्याची ही नवी सवय लावून घ्यावी लागते.

कोणता प्रकार, कोणत्या गाडीला?

ब्लॉक हीटरचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात.

कोअर प्लगच्या जागी बसणारा तापक : इंजिनाचा ब्लॉक वाळूच्या साच्यात ओततात. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्रींतून अशा ओतकामाचा परिचय महाराष्ट्राला आहेच. आतल्या पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात यासाठी साच्यात वाळूचे गाभे ठेवतात आणि नंतर ती वाळू ज्या छिद्रांतून काढतात, ती धातूच्या वाटीसारख्या झाकणांनी बंद करतात. हीच कोअर प्लगची झाकणे. पाणी गोठले तर ती निसटून ब्लॉक वाचवतात, असा समज असल्याने त्यांना ‘फ्रीझ प्लग’ असेही म्हणतात. परंतु त्यांचे मूळ प्रयोजन ओतकामाचे आहे आणि त्यांच्या भरवशावर ब्लॉक वाचतोच असे नाही. यांपैकी एक झाकण काढून तेथे तापक बसवला जातो.

आट्यांचा तापक : काही ब्लॉकमध्ये आटे पाडलेले स्वतंत्र छिद्र असते आणि तापक बोल्टसारखा त्यात फिरवून घट्ट केला जातो.

होजमध्ये बसणारा तापक : रबरी होज कापून मध्ये हा तापक जोडतात. ब्लॉकवरील जागा गंजलेली असेल किंवा तेथे हात पोहोचत नसेल, तर हा पर्याय उपयोगी पडतो. मात्र तो कोणत्या उंचीवर आणि कोणत्या दिशेने बसवायचा, याच्या सूचना काटेकोरपणे पाळाव्या लागतात. अन्यथा कूलंटचे अभिसरण होत नाही.

याखेरीज ऑइल पॅनला चिकटवायच्या तापक पट्ट्या आणि बॅटरीभोवती गुंडाळायची विजेची ‘पांघरुणे’ही मिळतात. ती पूरक आहेत, पर्याय नव्हेत.

सुटा भाग घेताना गाडीच्या मॉडेलइतकाच इंजिनाचा क्रमांक महत्त्वाचा असतो. विजेचा दाबही पाहावा लागतो. उत्तर अमेरिकेतील तापक १२० व्होल्टचे असतात, तर युरोपात आणि भारतात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. १२० व्होल्टचा तापक २३० व्होल्टला जोडला तर तो ठरलेल्या शक्तीच्या जवळजवळ पावणेचारपट वीज ओढू लागतो आणि जळतो. देश बदलून आलेल्या जुन्या गाडीत ही चूक हमखास संभवते.

आधी चाचणी, मग पाना

या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे तापक बंद पडला आहे याची खात्री झाल्याशिवाय कूलंटला हात लावू नये. ‘हीटर गेला’ अशी तक्रार असलेल्या गाडीत अनेकदा तापक ठणठणीत असतो आणि दोष वायरमध्ये असतो. वायर वर्षानुवर्षे इंजिनाच्या उष्णतेत, रस्त्यावरच्या मिठाच्या पाण्यात आणि बर्फात राहते. तिच्या पिना गंजतात, आवरण तडकते किंवा आतली तार तुटते. बहुतेक तापकांत ही वायर वेगळी काढता येते, म्हणजे केवळ वायर बदलून काम भागते.

चाचणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. प्लग भिंतीवरून काढलेला असताना प्लगच्या दोन मुख्य पिनांमधील रोध मोजावा. अपेक्षित रोध काढण्याचे सूत्र शाळेच्या पुस्तकातलेच आहे : व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. १२० व्होल्ट आणि ४०० वॅटच्या तापकाचा रोध सुमारे ३६ ओहम, ६०० वॅटच्या तापकाचा २४ ओहम, तर १००० वॅटच्या तापकाचा सुमारे १४ ओहम असतो. २३० व्होल्टवरील ५०० वॅटच्या तापकाचा रोध सुमारे १०६ ओहम भरतो. थोडाफार फरक चालतो.

मीटरने ‘खुले परिपथ’ दाखवले, तर वायर तापकापासून सोडवून तापकाच्या पिनांवर थेट मापन करावे. तेथे योग्य आकडा आला, तर दोष वायरचा आहे. तेथेही परिपथ खुलेच आढळले, तर तापकातील तार तुटलेली आहे आणि तो बदलणे क्रमप्राप्त ठरते.

आणखी दोन मापने सुरक्षिततेसाठी आवश्यक आहेत. मुख्य पिना आणि इंजिनाचा धातू यांच्यात कोणताही संबंध दिसता कामा नये. तो दिसला, तर तापकाचे धातूचे कवच फुटून कूलंट आत शिरले आहे असे समजावे. अशा वेळी गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे स्विच वारंवार पडू लागते. ते स्विच सदोष ठरवून वगळण्याचा मोह होतो, परंतु स्विच आपले काम चोख करत असते. याउलट प्लगची अर्थिंगची पिन आणि इंजिन यांच्यातील रोध शून्याच्या जवळ असायला हवा. तो तसा नसेल, तर तापकात दोष उद्भवल्यास सबंध गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते.

बदलण्याची पद्धत

काम पूर्णपणे थंड इंजिनावरच करावे. गरम इंजिनात कूलंट दाबाखाली असते आणि रेडिएटरचे झाकण उघडताच ते उसळून गंभीर भाजू शकते. प्लग भिंतीवरून काढावा, बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि गाडी जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडवर किंवा रॅम्पवर घ्यावी.

पहिला टप्पा कूलंट काढण्याचा. केबिनच्या हीटरची कळ ‘गरम’ बाजूला ठेवून रेडिएटरची तळाची तोटी उघडावी. अनेकदा येथेच थांबण्याची चूक होते. रेडिएटर रिकामा झाला तरी ब्लॉकमध्ये बरेच कूलंट उरते आणि तापक सैल करताच ते हातावर, बाहीत नि जमिनीवर येते. म्हणून ब्लॉकला स्वतंत्र निचरा बोल्ट असल्यास तोही उघडावा आणि सर्व द्रव पसरट भांड्यात जमा करावे.

हे द्रव सांडू देऊ नये. पारंपरिक कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री, मांजरे आणि लहान मुले त्याकडे आकर्षित होतात आणि थोडीशी मात्राही मूत्रपिंडे निकामी करून जीव घेऊ शकते. काही उत्पादक त्यात मुद्दाम कडू द्रव्य मिसळतात, पण त्यावर विसंबू नये. भांडे लगेच झाकावे, सांडलेले पाण्याने धुऊन पुसावे आणि जुने कूलंट गटारात न ओतता संकलन केंद्राकडे द्यावे.

दुसरा टप्पा जुना तापक काढण्याचा. कोअर प्लगच्या प्रकारात मधोमध एक स्क्रू असतो. तो आतल्या आडव्या पट्टीला खेचून तापक जागी घट्ट धरतो. हा स्क्रू केवळ सैल करावा, पूर्ण काढू नये. कारण तो पूर्ण निघाला, तर पट्टी ब्लॉकच्या आत पडून पाण्याच्या वाटेत अडकू शकते. स्क्रू सैल झाल्यावर तापक किंचित आत ढकलून, तिरका करून बाहेर काढावा. आट्यांचा तापक असेल, तर गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशीच लावून ठेवावे आणि योग्य मापाच्या पान्यानेच जोर द्यावा. चाळीस वर्षांच्या बीडात घाई केली, तर आटे तुटण्याचा धोका असतो.

तिसरा टप्पा सफाईचा. या टप्प्यात आळस झाला, तर नवा तापक पहिल्याच आठवड्यात गळू लागतो. छिद्राच्या कडेवरील गंज, जुने सीलंट आणि पांढरा क्षार बारीक पॉलिश कागदाने पूर्ण काढावा. कड बोटाला गुळगुळीत लागली पाहिजे. आतला गाळही शक्य तितका काढून घ्यावा, कारण गाळात रुतलेला तापक उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि स्वतःच जळतो.

चौथा टप्पा नवा तापक बसवण्याचा. जुनी ओ-रिंग किंवा वॉशर पुन्हा वापरू नये. नव्या ओ-रिंगला ताज्या कूलंटचा किंवा सिलिकोन ग्रीसचा हात द्यावा. साधे खनिज ग्रीस काही प्रकारच्या रबराला फुगवते. तापकाच्या आतल्या दांड्याची दिशा उत्पादकाने ठरवून दिलेली असते आणि बहुधा बाहेरच्या बाजूस ‘वर’ दाखवणारी खूण असते. दांडा सिलिंडरच्या बाहेरील भिंतीला किंवा ओतीव भागाला टेकता कामा नये. घट्ट करण्यापूर्वी तापक दोन्ही बाजूंना थोडा हलवून तो मोकळा आहे याची खात्री करावी. स्क्रू उत्पादकाने दिलेल्या मापाइतकाच आवळावा. ‘अजून थोडा’ आवळण्याच्या नादात पट्टी वाकते किंवा ओ-रिंग चिरते.

पाचवा टप्पा कूलंट भरण्याचा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट घ्यावे. भिन्न रसायनांची कूलंट एकत्र केली, तर काही वेळा चिखलासारखा गाळ तयार होतो. पाणी नळाचे न घेता ऊर्ध्वपातित घ्यावे. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असल्यास मिश्रणाचा गोठणबिंदू सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअस असतो. त्याहून कडक थंडीच्या प्रदेशात ग्लायकॉलचे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत नेतात. त्यापुढे प्रमाण वाढवण्यात लाभ नाही. शुद्ध ग्लायकॉल मिश्रणापेक्षा लवकर गोठते.

शेवटचा टप्पा हवा काढण्याचा. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे, थर्मोस्टॅट उघडून वरची होज गरम होईपर्यंत चालू ठेवावे, पातळी घटेल तसे कूलंट भरावे आणि मग झाकण लावावे. इंजिन थंड झाल्यावर तापकाभोवती ओल नाही ना, हे टॉर्च लावून पाहावे. त्यानंतरच, आणि कदापि त्याआधी नाही, तापकाला वीज द्यावी. कूलंटात न बुडालेला तापक अत्यल्प काळात तापून जळतो. ‘चालतो का ते बघू’ म्हणून नवा तापक हातात धरून किंवा रिकाम्या इंजिनात प्लगला जोडणे, हे तो निकामी करण्याचे खात्रीशीर साधन होय.

वीज दिल्यावर काही क्षणांत पाणी तापत ठेवल्यासारखा मंद आवाज येतो. तासाभराने ब्लॉकचा जवळचा भाग कोमट लागला, म्हणजे काम साधले. दुसऱ्या दिवशी कूलंटची पातळी पुन्हा एकदा तपासावी.

वायर : दुर्लक्षित धोका

वायरची बांधणी हा या कामाचाच भाग आहे. एक्झॉस्ट, पंखा, पट्टे आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून ती दूर न्यावी, ठरावीक अंतरावर क्लिपने बांधावी आणि इंजिन हलते हे ध्यानात घेऊन थोडा ढिलेपणा ठेवावा. तापकाच्या पिनांवर विद्युतरोधक ग्रीस लावल्यास ओलावा आत शिरत नाही. प्लगला टोपी असावी.

ही दक्षता केवळ जुन्या गाड्यांपुरती नाही. डिसेंबर २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेतील ‘एफ’ मालिकेच्या सुमारे ८ लाख ७४ हजार गाड्या ब्लॉक हीटरच्या वायरमधील दोषासाठी परत मागवल्या होत्या. जोडात पाणी आणि घाण शिरून गंज चढल्याने आगीचा धोका निर्माण होत होता. त्यावेळच्या नव्या गाड्यांत जे घडू शकले, ते चाळीस वर्षांच्या वायरमध्ये घडणे अधिकच शक्य आहे. वायरचे आवरण कडक झाले असेल, पिना काळवंडल्या असतील किंवा प्लग वापरताना गरम होत असेल, तर टेप गुंडाळून वेळ मारून न नेता वायर बदलावी.

बाहेरची जोडवायरही बाहेरच्या वापरासाठी बनवलेली, तीन तारांची आणि पुरेशी जाड हवी. घरातील पातळ जोडवायर लांबवर ओढली, तर ती तापते आणि तापकाला मिळणारी शक्तीही घटते. गाडी सुरू करून निघण्यापूर्वी प्लग काढण्याचे भान ठेवावे, हे सांगणे अनावश्यक वाटेल. पण वाहनतळांवरील तुटलेल्या वायरी वेगळेच सांगतात.

किती वेळ लावावा?

रात्रभर हीटर चालू ठेवण्याची गरज नसते. कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन विभागाची शिफारस टायमर लावून निघण्यापूर्वी दोन तास हीटर सुरू करण्याची आहे. जुन्या, जड बीडाच्या डिझेल इंजिनाला तीव्र थंडीत तीन ते चार तास द्यावे लागतात. त्यानंतर मिळणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा मेळ बसतो आणि तापमान फारसे वाढत नाही. ६०० वॅटचा हीटर दहा तास चालला तर सहा युनिट वीज जाते, तीन तास चालला तर दोन युनिटांहूनही कमी. वायर आणि तापक यांचे आयुष्यही त्यामुळे वाढते. कोमट इंजिनात ऑइल लवकर सर्वत्र पोहोचते, झीज कमी होते, पहिल्या काही मिनिटांतील धूर घटतो आणि केबिनमध्ये ऊबही लवकर मिळते.

जे ब्लॉक हीटर करू शकत नाही

ब्लॉक हीटर इंजिन गरम करतो, इंधन नव्हे. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात आणि थंडीत त्यांचे स्फटिक होऊन इंधन गढूळ होते, फिल्टर तुंबतो आणि इंजिनापर्यंत डिझेल पोहोचतच नाही. अशा वेळी ब्लॉक कितीही उबदार असला तरी गाडी सुरू होत नाही किंवा सुरू होऊन थोड्या अंतरावर बंद पडते. त्यावरील उपाय म्हणजे हिवाळी प्रतीचे डिझेल.

भारतात हा अनुभव लडाखमधील वाहनचालकांना आणि तेथे तैनात जवानांना येतो. लेह, कारगिल, द्रास या भागांत हिवाळ्यात तापमान उणे २० ते ३० अंशांपर्यंत उतरते. तेथे डिझेल पातळ ठेवण्यासाठी टाकीखाली आग पेटवण्यासारखे जिवावरचे उपाय केले जात. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी प्रतीचे डिझेल उपलब्ध केले. ते उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहते.

त्यामुळे थंड प्रदेशातील जुन्या डिझेल मोटारीची हिवाळ्यापूर्वीची तयारी ही एका भागाची नसून साखळीची असते. बॅटरीची ताकद, ग्लो प्लग, थंडीला साजेसे पातळ ऑइल, स्वच्छ इंधन फिल्टर, हिवाळी डिझेल, योग्य प्रमाणातले कूलंट आणि ब्लॉक हीटर यांपैकी प्रत्येक दुवा तपासावा लागतो. ब्लॉक हीटरची मल्टिमीटरने तपासणी पाच मिनिटांत होते आणि तिला खर्चही येत नाही. ती ऑक्टोबरमध्ये, हात बधिर होण्याआधी करावी. त्या वेळी दोष आढळला, तर भाग मागवायला आणि सावकाश बसवायला वेळ हाताशी असतो. तोच जानेवारीच्या पहाटे उघडकीस आला, तर गाडी टो करून उबदार गॅरेजमध्ये नेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.